प्रभागाचा पैसा आणि रहिवाशांचा शब्द : अर्जाच्या आधी आणि अर्जानंतर

पुण्याच्या धनकवडीतल्या एका गृहरचना संस्थेच्या सचिव असलेल्या वाचक ताईंनी विचारलं आहे : "महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची असतात, म्हणून आम्ही लागोपाठ दोन वर्षं अर्ज भरला. एकदा पावसाळी गटार मागितलं, एकदा पदपथाची दुरुस्ती. पुढे काय झालं ते कळलंच नाही. सहभाग म्हणजे अर्ज भरणं एवढंच का? आणि दरवेळी आम्ही तीनचार जणच धावपळ करतो, सगळ्या परिसराला यात आणायचं कसं?"

ताई, तुमचे प्रश्न दोन दिसतात, पण प्रभागपातळीवर अंदाजपत्रकाच्या बैठका घेण्याचं काम बरीच वर्षं केल्यावर मला ते एकच वाटतात. अर्जाचं पुढे काही होत नाही, कारण तो तीनचार जणांनी भरलेला असतो. आणि परिसर यात येत नाही, कारण अर्ज हा मुळात एकट्याने भरायचा कागद आहे. शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय तो पुरा होणार नाही, अशी त्यात कुठेच सोय नाही. ती सोय आपल्याला बाहेरून करावी लागते. अर्जाच्या आधी लोक एकत्र बसले आणि अर्जानंतर कुणीतरी कागदाच्या मागे राहिलं, की पैसा जागेवर पोहोचण्याची शक्यता खूप वाढते. मधला अर्ज हा या सगळ्यातला सर्वांत छोटा भाग आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. पुणे महापालिकेने २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांकडून कामं मागवायला सुरुवात केली. देशातल्या फार थोड्या शहरांनी तोवर असं काही केलं होतं. सामाजिक संस्थांनी तेव्हा प्रचार केला, बैठका घेतल्या, लोकांना अंदाजपत्रक म्हणजे काय हे समजावलं. पुढे पद्धत टिकली, ही पुण्याच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. पण बैठकांचा भाग रोडावत गेला आणि अर्ज तेवढा उरला. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पालिका आवाहन करते, क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन अर्ज भरायचा, एका कामाची मर्यादा ५ लाख रुपये. छाननी होते, आणि मंजूर कामं पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात जातात.

पैसा किती असतो, हे आधी डोळ्यांपुढे आणा. २०२५-२६ चं पालिकेचं अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचं होतं. शहरात ४१ प्रभाग आहेत. समजा, प्रत्येक प्रभागात नागरिकांनी सुचवलेल्या कामांसाठी पूर्ण १ कोटी रुपये ठेवले, तरी ते होतात ४१ कोटी. म्हणजे हजार रुपयांतले सव्वातीन. उरलेल्या जवळजवळ ९९७ रुपयांबद्दल आपल्याला कुणी विचारत नाही. हे मी तुम्हाला नाउमेद करण्यासाठी सांगत नाही. या छोट्या रकमेवर हात बसवल्याशिवाय मोठ्या रकमेबद्दल बोलण्याची ताकद येत नाही आणि मोठ्या रकमेकडे नजर ठेवली नाही तर छोट्यातच आपण अडकून पडतो, अशी ही दोन्ही बाजूंची गोष्ट आहे. तुमचं पावसाळी गटार नेमकं याच फटीत पडलं असावं. त्याकडे शेवटी येते.

५ लाखांच्या मर्यादेचा परिणाम आपल्या शहरात चालता चालता दिसतो. या रकमेत जे पटकन बसतं, तेच मागितलं जातं : बाकडी, पेव्हिंग ब्लॉक, नामफलक, वळणावरचा आरसा, एखादी संरक्षक भिंत. ही कामं वाईट नाहीत. ज्येष्ठ माणसाला दुकानापर्यंत जाताना मध्ये बसायला बाकडं असणं ही फार मोलाची गोष्ट आहे. पण आपल्या परिसरात सर्वांत जास्त त्रास कशाचा आहे, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ब्लॉक हे नसतं. मर्यादेकडे बघून मागणी ठरवली की उत्तर ब्लॉकच येतं. म्हणून माझा पहिला आग्रह असतो की पहिल्या बैठकीत ५ लाखांचा उच्चारही करू नका, आणि "तुम्हाला काय पाहिजे?" असंही विचारू नका. "कुठे अडतं?" असं विचारा. काय पाहिजे म्हटलं की माणसं दुसऱ्या प्रभागात पाहिलेली वस्तू सांगतात. कुठे अडतं म्हटलं की आपला दिवस सांगतात.

आता परिसराला आणायचं कसं ते.

बैठकीची वेळ आणि जागा हीच निम्मी लढाई आहे. कामाच्या दिवशी सकाळी ११ वाजता बैठक ठेवली तर निवृत्त पुरुष येतात. ते मनापासून येतात, त्यांच्याकडे वेळ असतो, त्यांना पालिकेची खाती माहीत असतात. पण परिसर म्हणजे फक्त ते नव्हेत. तुमच्या संस्थेत धुणंभांडी, स्वयंपाक करायला ज्या येतात, त्या बहुधा जवळच्याच वस्तीत राहतात आणि त्याच प्रभागाच्या रहिवासी आहेत. त्यांना दुपारी तीन-साडेतीनच्या सुमाराला तासभर मिळतो, नाहीतर रात्री साडेआठनंतर. रिक्षावाले, सोसायट्यांचे रखवालदार, भाजी विकणारे यांच्या वेळा आणखी वेगळ्या. एकच मोठी सभा घेण्यापेक्षा तीन लहान बैठका तीन वेळांना घेणं मला नेहमी जास्त फळाला आलेलं दिसलं.

जागेचंही तसंच. सोसायटीच्या हॉलमध्ये बोलावलं तर वस्तीतल्या बायका दारापर्यंत येऊन परत गेलेल्या मी पाहिल्या आहेत. रोज त्या फाटकातून कामाला शिरतात, पण खुर्चीवर बसून बोलायला त्याच फाटकातून शिरणं निराळं. महापालिकेच्या शाळेचा वर्ग, समाजमंदिर, अंगणवाडी, बागेतला पार, अशी कुणाच्याच मालकीची न वाटणारी जागा बघा. वस्तीत बचत गट असतील तर आधी त्यांच्या बैठकीला तुम्हीच जा. तिथे जाऊन फक्त ऐका, वहीत लिहा, आणि मोठ्या बैठकीत त्यांच्यापैकी कुणी बोलावं हे त्यांनाच ठरवू द्या. सचिवांनी वस्तीच्या वतीने बोलणं आणि वस्तीतल्या बाईने स्वतः बोलणं यांत फार अंतर आहे.

बैठकीआधी फेरी काढा, शक्यतो संध्याकाळी दिवे लागल्यावर. दहा-बारा जण पुरे, पण त्यांत एक काठी घेऊन चालणारी आजी, एक शाळकरी मूल, एक पोटुशी किंवा कडेवर बाळ असलेली बाई आणि शक्य असेल तर चाकाची खुर्ची वापरणारं कुणी असू द्या. परिसराचा मोठा छापील नकाशा बरोबर घ्या आणि जिथे कुणाला तरी थांबावं लागलं तिथे त्यावर खूण करा. दिवा बंद, चेंबरचं झाकण खचलेलं, पदपथ मध्येच संपलेला, विजेच्या डीपीच्या पेटीखाली कचरा, शाळेच्या दाराशी रस्ता ओलांडायला जागा नाही. एका फेरीत सोसायटीतल्या लोकांचं ठरलेलं होतं की अंतर्गत रस्त्यालगत ब्लॉक मागायचे. फेरी वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाच्या वाटेवर पोचली तेव्हा मिट्ट काळोख होता. बायकांनी सांगितलं, रात्री आम्ही पाणी कमी पितो, म्हणजे इकडे यावं लागत नाही. त्यानंतरच्या बैठकीत दिव्याच्या मागणीवर सर्वांत जास्त मतं पडली आणि त्यांतली बरीच सोसायटीतल्या लोकांची होती. त्यांना कुणी भाषण दिलं नव्हतं. ते त्या वाटेने एकदा चालले होते, एवढंच.

मत घेण्यासाठी आम्ही टिकल्या वापरतो. कपाळाच्या टिकल्यांची साधी पाकिटं. भिंतीवर नकाशा आणि कामांची यादी लावायची, प्रत्येकाला तीन टिकल्या द्यायच्या. तिन्ही एका कामावर लावा, नाहीतर वाटून लावा. ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांनाही हे जमतं, हात वर करण्याचा संकोच उरत नाही आणि शेवटी कुठे टिकल्यांचा पुंजका झाला ते सगळ्यांना एकदम दिसतं. पण टिकल्या वाटायच्या आधी एक फेरी बोलण्याची हवीच. ज्याने काम सुचवलं त्याने दोन मिनिटांत सांगायचं : त्रास कुणाला, किती जणांना, दिवसातून किती वेळा. ही फेरी गाळली तर मतदान म्हणजे आपापली माणसं मोजणं होतं आणि मोठ्या सोसायटीपुढे लहान वस्ती कायम हरते.

इथे मी जरा थांबते, कारण हा मुद्दा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये अंदाजपत्रकातली कामं लोकांनी ठरवण्याची ही पद्धत सुरू केली आणि तिथून ती जगभर गेली. तिथे लोक सभांमध्ये प्राधान्य ठरवत, पण पैसा केवळ मतांवर वाटला जात नसे. त्या भागाची लोकसंख्या किती, तिथे सोयींची तूट किती आणि तिथल्या लोकांनी कशाला आधी स्थान दिलं, अशा निकषांना गुण असत. जिथे गटार नाही, पाणी नाही, त्या भागाचं पारडं त्यामुळे जड होई. राजकारण बदललं तशी ती पद्धत तिथे क्षीण झाली आणि २०१७ मध्ये थांबवलीही गेली. पण तुटीला गुण देण्याचा तो विचार घेण्यासारखा आहे. केरळने १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत वेगळी वाट धरली. राज्याच्या योजना खर्चातला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे दिला आणि ग्रामसभांत त्याची आखणी करायला लावली. रक्कम मोठी असल्यामुळे लोक आले आणि लोक आल्यामुळे नेमकी कामं ठरली. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती : पैसा किती आहे हे सभेआधी लोकांना माहीत होतं. आपल्याकडे अर्ज भरताना आपल्या प्रभागाच्या वाट्याला यंदा किती रक्कम आहे आणि मागच्या वर्षी किती खर्च झाली, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. क्षेत्रीय कार्यालयाला पहिलं पत्र लिहाल ते एवढंच विचारणारं असू द्या.

आणि पुण्याला हा विचार बाहेरून शिकण्याची गरज नाही, असंही मला वाटतं. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला. ३२ सदस्यांपैकी एकट्या जोतीराव फुले यांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मंडईच्या इमारतीवर मोठा खर्च करण्याआधी शाळांकडे बघा, असाही आग्रह त्यांनी धरला होता. ती मंडई पुढे उभी राहिली आणि आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आपल्या शहरात सार्वजनिक पैशाबद्दलचा सर्वांत नेमका प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी विचारला गेला आहे : हा खर्च कुणासाठी? बैठकीत यादी वाचून झाली की प्रत्येक कामापुढे हा प्रश्न मोठ्याने विचारा.

आता कागदाकडे वळू. इथे थोडी तांत्रिक माहिती लागते, पण ती शिकण्याजोगी आहे.

काम सुचवताना आधी जमीन कुणाची ते बघा. सोसायटीच्या हद्दीतला रस्ता पालिकेकडे हस्तांतरित झालेला नसेल तर तिथे पालिका पैसा खर्च करू शकत नाही. कालव्यालगतची जागा जलसंपदा विभागाची असते, विजेचा डीपी हलवायचा तर महावितरणचा विषय, गतिरोधक आणि सिग्नलला वाहतूक पोलिसांची संमती, बस थांब्याला पीएमपीएमएल. पुणे आणि खडकी कटक मंडळांच्या (कॅन्टोन्मेंटच्या) हद्दी तर पालिकेच्या बाहेरच आहेत. रस्ता पालिकेचा असला तरी साधारणपणे १२ मीटरपेक्षा अरुंद रस्ते क्षेत्रीय कार्यालय बघतं आणि त्याहून रुंद पथ विभाग. गटाराचं काम मोठं असेल तर मलनिस्सारण विभाग. तुमचा पदपथ कोणत्या रुंदीच्या रस्त्यालगत होता, यावर त्या अर्जाचं बरंचसं भवितव्य ठरलं असेल. चुकीच्या दारात दिलेला अर्ज नाकारला जातोच असं नाही, तो नुसता पडून राहतो, आणि ते जास्त वाईट.

म्हणून बैठक झाल्यावर आणि अर्ज भरण्याआधी कनिष्ठ अभियंत्यांना जागेवर बोलवा. माझा अनुभव असा की बोलावल्यावर ते येतात, विशेषतः तक्रारीसाठी न बोलावता सल्ल्यासाठी बोलावलं तर. त्यांच्याकडे एका वेळी पुष्कळ रस्ते असतात, माणसं कमी असतात आणि नागरिक भेटतात ते बहुधा रागावलेले. जागेवर उभं राहून ते सांगू शकतात की हे काम ५ लाखांत बसेल का, खालून केबल जाते का, उताराचं पाणी कुठे जाईल. दरसूचीप्रमाणे, म्हणजे कामांच्या सरकारी दरांच्या यादीप्रमाणे, ढोबळ रक्कम काढून द्या अशी विनंती करा. ढोबळ रक्कम जोडलेला अर्ज छाननीत वेगळा उठून दिसतो. आणि मोठं काम ५ लाखांत कोंबण्यासाठी त्याचे तुकडे पाडायचे असतील, तर प्रत्येक तुकडा स्वतःहून उपयोगी आहे ना ते पाहा. पन्नास मीटरचा पदपथ दोन सोसायट्यांच्या मधोमध झाला आणि दोन्ही टोकांना रस्त्यावर उतरावं लागलं, तर काठीवाल्या आजीला त्याचा काही उपयोग नाही. शाळेच्या दारापासून बस थांब्यापर्यंतचे तीसच मीटर मागा, पण पूर्ण मागा.

देखभालीचंही आधीच विचारा. नवं शौचालय, नवी बाग, व्यायामाची साधनं यांना पाणी, झाडलोट, दुरुस्ती कुणाच्या खात्यातून, हे कळल्याशिवाय मागू नका.

अर्जासोबत बैठकीचा ठराव जोडा. तारीख, जागा, उपस्थितांच्या सह्या, कामांचा ठरलेला क्रम, जागेचा फोटो ज्यात ओळखीची खूण दिसेल. पाच संस्थांनी पाच स्वतंत्र अर्ज देण्यापेक्षा एकाच पत्राखाली क्रमवार पाच कामं द्या. अधिकाऱ्याला त्यातून कळतं की पहिलं काम झालं नाही तर पाच ठिकाणचे लोक विचारायला येतील, आणि पाचवं राहिलं तर लोक समजून घेतील. क्रम लावण्याचं अवघड काम तुम्ही त्यांच्यासाठी केलेलं असतं. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

इथून पुढे पाठपुरावा. तुमचे दोन्ही अर्ज जिथे हरवले तो टप्पा हाच. वर्षाचं चक्र साधारण असं फिरतं : सप्टेंबरात अर्ज, पुढच्या दोन महिन्यांत क्षेत्रीय कार्यालयात छाननी, नव्या वर्षात आयुक्तांचं प्रारूप अंदाजपत्रक, मग स्थायी समिती आणि मुख्य सभा, १ एप्रिलला नवं आर्थिक वर्ष. पण एप्रिलमध्ये काम सुरू होत नाही. आधी पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज), मग निविदा, मग कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश). तेवढ्यात पावसाळा येतो. खोदाईची कामं दिवाळीनंतर हलतात आणि ३१ मार्चला न खर्चलेला निधी व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो. मध्ये एखाद्या निवडणुकीची आचारसंहिता आली की दोन महिने आणखी गेले. मंजूर झालेलं काम न होण्याचं सर्वांत मोठं कारण हा शेवटचा अरुंद काळ आहे. विरोध कुणाचाच नसतो, वेळ संपतो.

म्हणून छाननीनंतर पहिला प्रश्न लेखी विचारा : आमच्या क्रमांक अमुकच्या अर्जाचा निर्णय काय, आणि नाकारला असेल तर कारण काय. कारण लेखी मिळालं तर पुढच्या वर्षी अर्ज सुधारता येतो. दुसरा टप्पा अंदाजपत्रकाचं पुस्तक. ते पालिकेच्या संकेतस्थळावर येतं. त्यात आपलं काम शोधा, त्याचं लेखाशीर्ष (ज्या खात्याखाली तो खर्च दाखवला आहे ते) आणि रक्कम वहीत उतरवून घ्या. "आमच्या कामाचं काय झालं?" या प्रश्नाला उत्तर देणं सोपं असतं. "अमुक लेखाशीर्षाखालच्या अमुक रकमेचं पूर्वगणनपत्रक झालं का?" या प्रश्नाला उत्तर देताना फाइल उघडावी लागते. तिसरा टप्पा वर्गीकरणाचा. एका कामाची तरतूद वर्षाच्या मध्येच दुसरीकडे वळवण्याला पालिकेत वर्गीकरण म्हणतात, आणि त्याला रीतसर मान्यता लागते. ज्या कामामागे विचारणारं कुणी नाही, त्याचा पैसा आधी वळतो. ऑगस्ट आणि डिसेंबर अशा दोन वेळा आपली तरतूद जागेवर आहे ना, एवढं विचारलं तरी पुष्कळ फरक पडतो.

काम सुरू झालं की कार्यादेशाची प्रत मागा आणि ती बैठकीला आलेल्या सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ (ञ) नुसार कामाची पाहणी करण्याचा, कागदपत्रं बघून टिपणं काढण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आपल्याला आहे. बहुतेक लोक हा कायदा फक्त कागद मागण्यापुरता वापरतात. जागेवर जाऊन मोजण्याचा अधिकार त्याहून जास्त कामाचा आहे. दोषदायित्व कालावधी किती आहे तेही कार्यादेशात बघा. त्या मुदतीत ब्लॉक खचले तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचे असतात.

आता नगरसेवकांबद्दल, कारण हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतोच. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकाकडे होता. त्या काळात अनेकांना वाटायचं, नगरसेवक नसले की नागरिकांचं जास्त ऐकलं जाईल. मला ते पटत नाही. निवडून आलेला माणूस नसला की प्रश्न विचारायचा कुणाला हेच धूसर होतं. आता १६५ नगरसेवक आहेत, बहुतेक प्रभागांत चार. त्यांच्या प्रभागातल्या कामांची जी यादी अंदाजपत्रकात असते तिला 'स' यादी म्हणतात, आणि तिच्यातली रक्कम नागरिकांच्या अर्जांतल्या रकमेपेक्षा साधारणपणे मोठी असते. तेव्हा बैठकीला चौघांनाही बोलवा, एकाच पक्षाच्या एकालाच नको. बैठकीत ठरलेल्या क्रमातली मोठी कामं 'स' यादीत घेण्याची मागणी सगळ्यांच्या देखत करा. त्यांना व्यासपीठावर बसवू नका, नकाशाजवळ उभं राहून ऐकू द्या. अर्ज हा नगरसेवकाला वळसा घालण्याचा मार्ग आहे असं समजून काम केलेले गट फार काळ टिकलेले मी पाहिले नाहीत.

कायद्यातही दोन दारं आहेत जी फारशी कुणी ठोठावत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीमुळे ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार त्यांवर त्या भागात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नेमता येतात. समिती नव्याने बसते तेव्हा ही नेमणूक कोणाची होते याकडे लक्ष ठेवा, नावं सुचवा. त्यांत एखादी वस्तीत काम करणारी बाई असावी असा आग्रह धरा. दुसरं, २००९ मध्ये राज्याने शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आणली. गावात ग्रामसभा, तशी शहरात मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांची सभा. ती प्रत्यक्षात रुजली नाही. रुजली असती तर मी वर सांगितलेल्या टिकल्यांच्या बैठकीला कायद्याचा आधार असता आणि तुम्हाला ठरावावर सह्या गोळा करत फिरावं लागलं नसतं. शहराच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. तिथल्या लोकांना ग्रामसभेत हक्काने बोलायची सवय होती. पालिकेत आल्यावर त्यांचा तो मंच गेला आणि बदल्यात अर्ज मिळाला. क्षेत्रसभेची मागणी त्यांच्याकडून सर्वांत जोरात येऊ शकते, आणि यायला हवी.

राहिलं तुमचं पावसाळी गटार. ते ५ लाखांचं काम नाही, म्हणून नागरिकांच्या अर्जातून होणं अवघडच होतं. शिवाय धनकवडी उतारावर आहे. तुमच्याकडचं पाणी खाली आंबिल ओढ्याकडे जातं, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्या ओढ्याच्या पुराने काय केलं ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. तुमच्या दारातलं पाणी जलद वाहून नेणारं गटार खालच्या वस्तीच्या दारात पाणी जलद आणून सोडू शकतं. म्हणून ही मागणी तुमच्या संस्थेने एकट्याने करू नये. वरच्या दोन आणि खालच्या दोन-तीन सोसायट्या आणि ओढ्याकाठच्या वस्तीतले लोक यांना घेऊन भर पावसात एक फेरी काढा, पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, कुठे रस्ता ओलांडतं ते नकाशावर खडूने काढा, फोटो आणि वेळ नोंदवा. बागेत, मैदानात, सोसायट्यांच्या आवारात पाणी जिरवता येईल अशा जागाही त्याच नकाशावर दाखवा. त्यांतली काही कामं मात्र ५ लाखांत बसतील आणि ती तुम्ही याच सप्टेंबरात अर्जातून मागू शकता. मुख्य गटारासाठीचं पत्र मलनिस्सारण विभागाला, प्रत क्षेत्रीय कार्यालयाला आणि चारही नगरसेवकांना, ऑक्टोबर संपायच्या आत द्या, कारण खात्यांच्या मागण्या अंदाजपत्रकासाठी त्या सुमाराला गोळा होऊ लागतात. पत्रावर खालच्या वस्तीची सही पहिली घ्या, तुमच्या संस्थेची शेवटी.